कूस, काळीज, हृदय : एका ख्रिस्ती प्रतीकाचा मराठीतील प्रवास

मराठी भक्तिकाव्याने देवाच्या देहाकडे पाहिले ते मुख्यतः त्याच्या पायांपासून. विटेवरचे समचरण, त्यांवर टेकलेले मस्तक, महाद्वाराच्या पायरीशी जागा मागून घेणारा परंपरेतील नामदेव ही या दृष्टीची ठळक रूपे होत. भक्त खाली आहे, देव वर आहे आणि दोघांमधील अंतर भक्ताने वाकून मिटवावयाचे आहे. कॅथलिक भक्तीने गेल्या साडेतीनशे वर्षांत येशूच्या देहातील ज्या अवयवावर दृष्टी स्थिर केली, तो अवयव मात्र हृदय आहे. ज्वाळांनी वेढलेले, काट्यांचे कडे पडलेले, भाल्याची जखम उघडी असलेले आणि माथ्यावर क्रूस धारण केलेले हे हृदय चित्रात छातीबाहेर येऊन भक्ताच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच उंचीवर उभे राहते. त्याच्याकडे पाहण्यासाठी वाकावे लागत नाही. मान वर करून पाहावे लागते.

वसई, मुंबई आणि गोवा या पट्ट्यातील कॅथलिक कुटुंबांत हे चित्र शतकाहून अधिक काळ परिचित आहे. महिन्याचा पहिला शुक्रवार, जून महिन्यातील विशेष प्रार्थना, घरात चित्राची विधिपूर्वक स्थापना, त्याच्यापुढे तेवणारा दिवा या आचारांनी ते जपले आहे. प्रतीकाला घर मिळाले, भिंत मिळाली, दिवा मिळाला. परंतु त्याच्या तोलाचा मराठी शब्द त्याला मिळाला काय, हा प्रश्न ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या विचारात क्वचितच उपस्थित केला जातो. तो केवळ पारिभाषिक नाही. ज्या भाषेत माणूस घरी रडतो आणि ज्या भाषेत तो देवाशी बोलतो, त्या दोन भाषांमधील अंतराचा तो प्रश्न आहे.

१

या प्रतीकाचे मूळ योहानलिखित शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात शोधले जाते. क्रूसावर येशूचा प्राण गेल्यानंतर एक शिपाई त्याच्या देहात भाला खुपसतो आणि रक्त व पाणी बाहेर येते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या वृत्तान्तात हृदयाचा उल्लेखच नाही. मूळ ग्रीक शब्द ‘प्लेउरा’ हा असून त्याचा अर्थ देहाची बाजू, बरगडीचा भाग असा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात आदामाच्या ज्या बरगडीतून स्त्री घडविली गेली, तिच्यासाठीही हाच शब्द आलेला आहे. या साम्यावरून संत ऑगस्टीनसारख्या प्राचीन धर्माचार्यांनी एक रूपक उभे केले : निद्रिस्त आदामाच्या बरगडीतून जशी हव्वा, तशी क्रूसावर निजलेल्या ख्रिस्ताच्या बाजूतून ख्रिस्तसभा जन्माला आली.

मराठी बायबलने या ठिकाणी ‘कूस’ हा शब्द वापरला. ही निवड वरवर पाहता सरळ शब्दार्थाची आहे. परंतु मराठीत कूस म्हणजे देहाची बाजू आणि कूस म्हणजे गर्भाशयही. कूस बदलणे आणि कूस उजवणे हे दोन वाक्प्रचार एकाच शब्दावर उभे आहेत. प्राचीन आचार्यांना जे रूपक दीर्घ विवेचनाने सिद्ध करावे लागले, ते मराठी भाषेत या एका शब्दाच्या पोटात आधीच आहे. जखमी झालेली कूस हीच जन्म देणारी कूस, हा अर्थ मराठी वाचकाला कोणी समजावून देण्याची आवश्यकता नाही. एवढे असूनही या शब्दाच्या द्व्यर्थाचे काव्यात्म सामर्थ्य मराठी ख्रिस्ती लेखनाने पुरेसे वापरलेले दिसत नाही.

कुशीकडून हृदयाकडे झालेला प्रवास मध्ययुगातला आहे. भाल्याची जखम हे एक दार आहे आणि त्या दाराआड हृदय आहे, अशी कल्पना मठवासी साधकांच्या चिंतनात रुजली. जर्मनीतील हेल्फ्टा येथील संन्यासिनी गर्ट्रूड (१२५६–१३०२) हिच्या साक्षात्कारांत येशूच्या वक्षावर विसावण्याचा आणि त्याच्या हृदयाचे स्पंदन अनुभवण्याचा प्रसंग येतो. ज्ञानेश्वरीचे लेखन १२९० चे. म्हणजे हा काळ एकच. दोहोंमध्ये संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु ईश्वराशी असलेले नाते शास्त्रीय भाषेतून काढून जिव्हाळ्याच्या भाषेत आणण्याची गरज दोन दूरच्या प्रदेशांत एकाच वेळी भासली, ही गोष्ट तुलनेच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

खाजगी चिंतनातील या प्रतिमेला सार्वजनिक उपासनेचे रूप सतराव्या शतकात फ्रान्समध्ये लाभले. जाँ यूद याने १६७२ मध्ये येशूच्या हृदयाच्या सन्मानार्थ उपासनाविधी सुरू केला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १६७३ मध्ये, पारे-ल-मोनियाल येथील संन्यासिनी मार्गारेट मेरी अलाकोक हिला दर्शनांचा अनुभव येऊ लागला. १६७५ च्या दर्शनाने या भक्तीला स्वतंत्र सणाची मागणी दिली. तिचा मार्गदर्शक क्लोद ला कोलोंबिएर हा येशूसंघीय धर्मगुरू होता आणि पुढे या भक्तीचा प्रसार मुख्यतः येशूसंघानेच केला.

धर्मसभेने मात्र तिचा स्वीकार सहजासहजी केला नाही. जोसेफ द गालिफे याने सणाच्या मान्यतेसाठी केलेला प्रयत्न रोममध्ये १७२९ साली फेटाळला गेला. पुढे चौदावा बेनेडिक्ट म्हणून पोप झालेल्या प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी याचा आक्षेप मार्मिक होता. प्रेमाचे स्थान मांसाच्या हृदयात आहे असे गृहीत धरून ही मागणी केली आहे. परंतु ते स्थान हृदय की मेंदू हे शास्त्रज्ञांमध्येच वादग्रस्त असताना त्यावर उपासना कशी उभारावी? सण मर्यादित स्वरूपात १७६५ मध्ये मान्य झाला, १८५६ मध्ये नवव्या पायसने तो सर्व ख्रिस्तसभेसाठी लागू केला आणि १८९९ मध्ये तेराव्या लिओने सर्व मानवजात या हृदयाला समर्पित केली. लाम्बेर्तिनीच्या आक्षेपाला तात्त्विक उत्तर देण्याचे श्रेय बाराव्या पायसच्या १९५६ च्या परिपत्रकाला द्यावे लागेल. येशूचे हृदय हे त्याच्या त्रिविध प्रेमाचे प्रतीक आहे, असे त्याने सांगितले : ईश्वरी प्रेम, आत्म्यातील उत्कट प्रीती आणि देहाच्या संवेदनांतून जाणवणारी मानवी माया. देवाने मांस धारण केले असेल, तर त्याच्या प्रेमालाही मांसाची धडधड असली पाहिजे. या प्रतीकाचा खरा दावा हा आहे आणि त्याच्या भाषांतराची कसोटीही हीच ठरते.

२

आता मराठीकडे वळावे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने वैकुंठ, मोक्ष यांसारखे शब्द ख्रिस्ती आशयासाठी वापरून दाखविले आणि परकीय कथेला देशी पुराणाचा घाट दिला. त्यामागोमाग एतियेन द ला क्रुआ याचे संत पीटरवरील पुराण १६२९ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्सिस्को वाझ द गिमराइश याचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण १६५९ चे असून त्याची भाषा उत्तर कोकणच्या बोलीला जवळची आहे. अर्धशतकाहूनही कमी काळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा ओवीत गाण्याइतकी भाषा सिद्ध झाली होती.

या पुराणांत हृदयाची स्वतंत्र उपासना शोधणे कालविपर्यासाचे ठरेल. कारण १६५९ मध्ये ती युरोपातही सार्वजनिक झालेली नव्हती. मात्र तारखांचा क्रम पाहिला, तर एक विलक्षण चुकामूक दृष्टीस पडते. पारे-ल-मोनियाल येथील दर्शने १६७३ ते १६७५ या वर्षांतली. त्यानंतर दहा वर्षेही झाली नाहीत तोच, १६८४ मध्ये, गोव्याचा व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट याने देशभाषा तीन वर्षांच्या आत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. १७३९ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हातून गेली. १७५९ मध्ये पोर्तुगीज प्रदेशांतून येशूसंघीयांची हकालपट्टी झाली आणि १७७३ मध्ये तो संघच विसर्जित करण्यात आला. ज्यांनी मराठीत पुराणे लिहिली आणि ज्यांनी हृदयाची भक्ती जगभर नेली, ते बहुतांशी एकाच संघाचे लोक होते. परंतु एका पिढीकडे भाषा होती आणि प्रतीक नव्हते, दुसऱ्या पिढीकडे प्रतीक होते आणि भाषा उरली नव्हती.

परिणामी, हृदयाची भक्ती मराठी भाषकांपर्यंत पोहोचली तेव्हा ती ओवीच्या मार्गाने आली नाही. ती छापील चित्रातून, लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थनांतून आणि त्यांच्या भाषांतरांतून आली. स्टीफन्सची परंपरा त्या वेळी मराठी वाचकाच्या दृष्टीआड होती. ख्रिस्तपुराणाची चौथी आवृत्ती जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे काढली, तीही रोमन लिपीत. देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली उपलब्ध करून दिले. हृदयभक्तीचे तत्त्व स्पष्ट करणारे परिपत्रक आणि ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती एकाच वर्षी यावी, हा योगायोग बोलका आहे.

३

भाषांतरकारांनी ‘हृदय’ हा शब्द निवडला. तो प्रतिष्ठित आहे, सर्व भारतीय भाषांत समजणारा आहे आणि प्रार्थनेच्या गांभीर्याला शोभणारा आहे. परंतु भारतीय परंपरेत या शब्दाभोवती अर्थाचे एक निश्चित वलय आहे. हृदय म्हणजे ईश्वराचे निवासस्थान. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सर्व भूतांच्या हृदयदेशी राहतो, असे सांगितले आहे. येथे हृदय माणसाचे आहे आणि राहणारा देव आहे. कॅथलिक प्रतीकात हा संबंध नेमका उलटा होतो : हृदय देवाचे आहे आणि त्यात राहावयास बोलावलेला माणूस आहे. शब्द तोच राहिला, दिशा बदलली. आणि ही बदललेली दिशा शब्दाने स्वतःहून सांगितली नाही.

संबोधनाच्या पातळीवर ही अडचण अधिक स्पष्ट होते. १८९९ मध्ये मान्यता मिळालेल्या हृदयाच्या नामावळीत तेहतीस आवाहने आहेत. येशूच्या आयुष्याची वर्षे तेवढीच मानली जातात. प्रत्येक आवाहनात हृदयालाच हाक मारलेली असते आणि त्यामागे प्रेमाची भट्टी, जीवनाचा झरा, देवाचे मंदिर अशी रूपके येतात. लॅटिनमध्ये हृदयाचे नाव आधी येते आणि रूपक मागून उमलते. मराठीत विशेषण आधी व विशेष्य नंतर, म्हणून षष्ठीच्या प्रत्ययांची साखळी तयार होते आणि रूपकाची धग त्या साखळीत निवते. शिवाय ‘हृदया’ हे संबोधन कानावर पडताच मराठी श्रोत्याला रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’ची सवय आठवते. तेथे साधक स्वतःच्याच मनाला हाक मारतो. दुसऱ्याच्या, आणि तोही देवाच्या, हृदयाला हाक मारण्याचा प्रघात मराठी भक्तिपरंपरेत रूढ नाही. देवाच्या पायांना हाक मारता येते, त्यांची शपथ घेता येते, त्यांच्यावर लोळण घेता येते; हृदयाला मारलेली हाक मात्र चमत्कारिक वाटते आणि हळूहळू ती सवयीचे पालुपद बनते.

मराठीजवळ दुसरा शब्द होता : काळीज. हृदय शास्त्रात आणि स्तोत्रात असते. काळीज घरात असते. ते तुटते, फाटते, पिळवटते, हलते. पोटचे मूल काळजाचा तुकडा असते. आईला वाटणारी ‘काळजी’ ही उच्चाराने आणि अर्थाने काळजाच्या अगदी शेजारी राहते. मांसाच्या अवयवाची धडधड आणि प्रेमाची वेदना या दोहोंना एकत्र धरून ठेवण्याचे जे काम या भक्तीला अभिप्रेत आहे, ते काळीज या शब्दात मराठीने कधीच पार पाडले आहे. जखम होऊ शकते ती काळजाला.

तरीही भाषांतरकारांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. काळीज हा शब्द काटेकोर अर्थाने यकृताचा वाचक आहे. मटणाच्या दुकानातही तो त्याच अर्थाने चालतो. उपासनेच्या भाषेत असा शब्द आणताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. पण लाम्बेर्तिनीच्या आक्षेपाची आठवण येथेच होते. प्रेम शरीरशास्त्रदृष्ट्या कोणत्या अवयवात असते हा प्रश्न प्रतीकाला गैरलागू आहे, हे पुढे धर्मसभेनेच मान्य केले. ज्या अवयवाच्या नावाने एखादा समाज आपली माया सांगतो, तो अवयव त्या समाजापुरता प्रेमाचे खरे स्थान असतो. या न्यायाने काळजाला उपासनेच्या भाषेबाहेर ठेवण्याचे सबळ कारण उरत नाही. विसाव्या शतकात तर ‘हृदय’ हाच शब्द रुग्णालयाच्या परिभाषेत शिरला आणि हृदयविकार, हृदयशस्त्रक्रिया यांतून अवयववाचक झाला. प्रतिष्ठेसाठी निवडलेल्या शब्दाचे वलय असे विरळ होत गेले आहे.

४

मराठी परंपरेत या प्रतीकाला सामावून घेण्याजोगी सामग्रीच नव्हती, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. भागवताच्या दशम स्कंधातील भृगूची कथा येथे आठवते. देवांची परीक्षा पाहण्यास निघालेला भृगू विष्णूच्या छातीवर लाथ मारतो. विष्णू रागावण्याऐवजी ऋषीच्या पायाला लागले तर नाही ना, याची चौकशी करतो आणि ती खूण वक्षावर भूषण म्हणून मिरवतो. लोकश्रद्धा पांडुरंगाच्या छातीवरही हे लांछन पाहते. माणसाने केलेला आघात देवाने छातीवर घ्यावा आणि त्याचे चिन्ह पुसू नये, हा या कथेचा गाभा आहे. क्रूसावरील भाल्याच्या जखमेशी तिचे नाते जोडता येते. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. भृगूच्या लाथेने देवाला वेदना झाली, असे कथा सांगत नाही. त्याची थोरवी वेदनेच्या पलीकडे असण्यात आहे. ख्रिस्ताच्या जखमेतून रक्त येते आणि त्याची थोरवी वेदना सोसण्यात आहे. खूण बंद आहे, जखम उघडी आहे.

दुसरे साम्य चित्रांचे आहे. छाती फाडून आतील राम-सीता दाखविणारा हनुमान भारतीय छापील चित्रांतून घरोघर पोहोचला. येशूचे हृदय दाखविणारे, रोममधील पोम्पेओ बातोनी याच्या अठराव्या शतकातील चित्राच्या वळणाचे रंगीत चित्रही छपाईमुळेच सर्वत्र गेले. दोन्ही चित्रांत छाती उघडलेली आहे. पण हनुमान भक्त आहे आणि त्याच्या हृदयात देव दिसतो; येशूच्या चित्रात देवाचे हृदय उघडे आहे आणि त्यात काय दिसावे, हे पाहणाऱ्यावर सोपविलेले आहे. एकाच भिंतीवर शोभणाऱ्या या दोन चित्रांनी भक्तीच्या दोन दिशा जितक्या स्पष्ट केल्या, तितक्या मराठी प्रार्थनेतील शब्दांनी केल्या नाहीत. चित्राने भाषेचे काम केले आणि भाषा चित्राच्या खाली लिहिलेल्या ओळीसारखी राहिली.

तिसरा मार्ग आईपणाचा होता आणि तो चोखाळला एका कॅथलिकेतर कवीने. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते. पवित्र हृदयाची उपासना त्यांच्या पंथाचा भाग नव्हती. परंतु ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटले आणि त्यासाठी अभंगाचा छंद वापरला. विठ्ठलाला ‘विठाई’ करणाऱ्या भाषेने ख्रिस्तालाही आई करून घेतले, ही घटना ख्रिस्ती मराठी कवितेच्या इतिहासात निर्णायक आहे. चित्र, सण, नामावळी यांपैकी काहीही जवळ नसताना टिळकांनी देवाच्या मायेला मराठी काळीज दिले. ज्यांच्याजवळ हे सारे होते, त्या कॅथलिक परंपरेला तशी कविता विपुलतेने साधली नाही. प्रतीक आयते असले म्हणजे ते काव्यात उतरतेच असे नाही. किंबहुना आयते प्रतीक कवीला आळशी करू शकते, असा या तुलनेचा निष्कर्ष काढावा लागतो.

५

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना दार उघडून दिल्यानंतर ही स्थिती बदलण्याची संधी प्रथमच मिळाली. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने ख्रिस्ती आशय आणि मराठी साहित्य यांमध्ये ये-जा सुरू ठेवली. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’द्वारे धर्मग्रंथाची भाषा सर्वसाधारण मराठी वाचकाच्या जवळ आणली, २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. गद्याच्या प्रांतात जे घडले, ते प्रार्थनेच्या आणि गीताच्या प्रांतात त्या प्रमाणात घडलेले नाही. वसईतील सामवेदी, वाडवळी यांसारख्या बोलींत घरातील माया व्यक्त होते. प्रार्थना मात्र प्रमाण मराठीत, तीही भाषांतराच्या वळणाने चालते. हृदयाच्या भक्तीला ही दरी विशेष बाधक आहे, कारण जवळीक हाच तिचा आशय आहे.

पोप फ्रान्सिस यांचे ऑक्टोबर २०२४ मधील परिपत्रक याच भक्तीवर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात माणूसपण वाचविण्यासाठी कविता आणि प्रेम यांची गरज आहे, असे सांगताना त्यांनी उदाहरण दिले ते एका घरगुती आठवणीचे : आई-आजीबरोबर घरी केलेल्या पदार्थाच्या कडा काट्याने दाबून बंद करण्याची. अमूर्त तत्त्व सांगताना त्यांना स्वयंपाकघरात जावे लागले, हे येथे महत्त्वाचे. हृदयाचा अर्थ सांगण्यासाठी हृदय हा शब्द पुरेसा पडत नाही. त्याला आईच्या हाताची, घरच्या बोलीची जोड लागते.

या सणाचा शुक्रवार पेंटेकॉस्टनंतर एकोणिसाव्या दिवशी, बहुधा जूनमध्ये येतो. याच सुमारास पालख्या पंढरीच्या वाटेला लागलेल्या असतात आणि वसईच्या शेतांत पावसाची वाट पाहिली जात असते. एका बाजूने समचरणांकडे निघालेली माणसे आणि दुसऱ्या बाजूने उघड्या हृदयापुढे दिवा लावणारी माणसे एकाच भाषेत बोलतात. त्या भाषेने आपली कूस आणि आपले काळीज हे दोन शब्द अजून राखून ठेवले आहेत. ख्रिस्तपुराणाच्या कर्त्याने वैकुंठ हा शब्द वापरताना जे धाडस दाखविले, ते या दोन शब्दांच्या बाबतीत दाखविणारा कवी मिळेल, तेव्हा १६७३ मध्ये हुकलेली गाठ पडेल.